उपग्रहाला स्वतःचा ठावठिकाणा कसा कळतो? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

बेंगळूरला काही वर्षं उपग्रहांच्या दिशादर्शनाच्या सॉफ्टवेअरवर काम करून मी बेळगावला परत आलो. आता इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टमध्ये मदत करतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी ही मुलं. वर्गात गप्प बसतात आणि सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी मराठीत धडाधड प्रश्न विचारतात. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आपण नेमके कुठे आहोत, हा प्रश्न आमच्या सीमाभागात १९५६ पासून गाजतोय. उपग्रहाला मात्र त्याचं उत्तर दर सेकंदाला द्यावं लागतं.

सर, उपग्रह ठरलेल्या कक्षेतच फिरतो ना? मग ती पुन्हा 'शोधायची' कशाला?

पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी गुळगुळीत चेंडू असते आणि तिच्याभोवती एक सुबक लंबवर्तुळ काढलेलं असतं. खरी पृथ्वी पोटाशी सुटलेली आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर भरते, ध्रुवापाशी ६,३५७. फरक जेमतेम २१ किलोमीटरचा, पण तेवढ्या फुगवट्याने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची अख्खी कक्षा रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे ओढली जाते. शिवाय चारशे-पाचशे किलोमीटरवरसुद्धा हवा संपलेली नसते. ती विरळ असते, आणि उपग्रहाला सतत थोडं थोडं मागे खेचत राहते. सूर्याचा प्रकाश त्याला ढकलतो, चंद्र आणि सूर्य आपापल्या बाजूला ओढतात.

त्यामुळे 'ठरलेली कक्षा' ही लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी समजा. छापलेली असते, आणि प्रत्यक्ष अक्षता कधी पडतात ते मांडवात बसलेल्यालाच माहीत.

हिशेबाला सहा आकडे लागतात. जागेचे तीन आणि वेगाचे तीन. हे सहा एका क्षणी बिनचूक कळले आणि सगळी बलंही बिनचूक माहीत असली, तर पुढचा सगळा प्रवास कागदावर काढता येईल. पण यातलं काहीच बिनचूक नसतं, आणि अवकाशात चुकीला व्याज फार लागतं. प्रवासाच्या दिशेतल्या वेगात सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरची चूक धरा. पाचशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या बाबतीत तीच चूक एका फेरीत, म्हणजे साधारण दीड तासात, सुमारे १७० मीटर होते. दुसऱ्या फेरीत आणखी १७० मीटर.

जमिनीवरून माग काढतात ना? मग उपग्रहानेच हिशेब करायची काय गरज?

जमिनीवरून काढतातच. आपल्याकडे हे काम इस्रोचं बेंगळूरचं इस्ट्रॅक करतं. अडचण अशी की एका ठिकाणाच्या अँटेनाला खालच्या कक्षेतला उपग्रह एका वेळी दहाएक मिनिटंच दिसतो. दिवसाच्या पंधरा फेऱ्यांतल्या चार-पाचच फेऱ्या कामाच्या. बाकीचा वेळ उपग्रह महासागरांवरून, ध्रुवांवरून जात असतो आणि आपण त्याचा अंदाज करत बसलेलो असतो.

इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवलेल्या दोन ओळींच्या कक्षा-नोंदी असतात, त्यांना टीएलई म्हणतात. त्यांच्यात सुरुवातीलाच किलोमीटरभराची चूक असू शकते आणि ती दिवसागणिक वाढत जाते. आकाशात उपग्रह कुठे दिसेल हे सांगायला तेवढं पुरतं. पण अमुक शेताचा फोटो घ्यायचा असेल तर? उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. बेळगाव ते खानापूर साडेतीन सेकंदांत. कॅमेरा एक सेकंद उशिरा उघडला तर ज्याचा ऊस बघायचा त्याऐवजी पलीकडच्या गावचा ऊस येईल.

आणि नुसत्या फोटोचाच प्रश्न नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ आणि निकामी कॉसमॉस-२२५१ हे दोन उपग्रह सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. त्या दोघांच्या वाटेचे अंदाज लोकांकडे होतेच. ते अंदाज पुरेसे काटेकोर नव्हते.

मग जीपीएस लावला की झालं. मोबाइलमध्ये असतो तसा.

हा प्रश्न दरवर्षी पहिल्या दहा मिनिटांत येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सरांना कोड्यात टाकलं' असा भाव असतो. खरं तर दिशा अगदी बरोबर आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत. आपला उपग्रह त्यांच्या पुष्कळ खाली असतो, म्हणून अँटेना वर करून तोही आपल्यासारखाच त्यांचे संदेश ऐकू शकतो. वर झाडं नाहीत, इमारती नाहीत. खानापूरच्या जंगलापेक्षा रिसेप्शन केव्हाही चांगलं.

पण मोबाइलमधली चिप तिथे चालणार नाही. नेहमीच्या व्यापारी रिसीव्हरांवर निर्यातीच्या नियमांतून आलेली मर्यादा असते. साधारण १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग यापुढे ते मुद्दाम गप्प बसतात, म्हणजे ते कुणी क्षेपणास्त्रात लावू नये. ही मर्यादा काढलेला रिसीव्हर मिळवला, तरी पुढे डॉप्लर उभा असतो. जवळून जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा जसा सूर बदलतो, तसाच संदेशाचा सूर बदलतो. जमिनीवर जीपीएसचा सूर फार तर पाचएक किलोहर्ट्झ इकडेतिकडे होतो. कक्षेत तो चाळीसएक किलोहर्ट्झ सरकतो, आणि झपाट्याने सरकतो. रिसीव्हरला कुठे शोधायचं हे आधी ठाऊक नसेल तर पहिला उपग्रह पकडण्यातच बराच वेळ जातो. म्हणजे ठिकाण शोधायलाच ठिकाणाचा अंदाज हवा. वर किरणोत्सर्ग असतो तो निराळाच.

हे सगळं निस्तरून रिसीव्हर दर सेकंदाला जागा सांगायला लागला, तरी तो आकडा काही मीटरनी थरथरत असतो. अधूनमधून खंड पडतो. आणि पुढच्या दहा मिनिटांत मी कुठे असेन, हे तो सांगू शकत नाही. 'आत्ता इथे आहे' आणि 'मी असा असा चाललोय' यांच्यात जो फरक आहे, तो भरून काढणं म्हणजे उपग्रहावरची कक्षा-निश्चिती.

तो फरक कसा भरून काढतात? कालमन फिल्टर म्हणतात ते काय आहे?

समीकरणं पुस्तकात आहेतच. मी रेल्वेने सांगतो.

रात्री बेंगळूरहून निघणाऱ्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये तुम्ही वरच्या बर्थवर आहात. सकाळी जाग आली. खिडकी खाली, तुम्हाला फक्त पंखा दिसतोय. मघाशी कुणीतरी म्हणालं, लोंढा सोडलं. तुम्ही घड्याळ बघता आणि मनात हिशेब करता: वीस मिनिटं झाली, म्हणजे गुंजी मागे पडलं असणार, खानापूर येईल आता. हा झाला अंदाज. गाडीचा वेग आणि गेलेला वेळ, एवढ्यावर. पण मध्ये कुठे क्रॉसिंगला गाडी थांबली होती का? डुलकीत कळलं नसेल. म्हणून जसजसा वेळ जातो, तसतशी तुमच्या अंदाजाची खात्री कमी होत जाते. लोंढ्याला चूक शून्य होती, आता ती पाच-सात किलोमीटर असेल.

मग तुम्ही वाकून खिडकीतून बघता. धुकं आहे. पाटी सर्रकन जाते आणि '...पूर' एवढंच दिसतं. हे झालं मोजमाप, तेही अर्धवट. आता डोकं काय करतं? ते पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही आणि स्वतःच्या हिशेबालाही चिकटून बसत नाही. दोन्ही जुळवून पाहतं. हिशेबाने खानापूर जवळ आलंच होतं, पाटीवर 'पूर' होतं, म्हणजे खानापूरच. चूक पुन्हा लहान होते, आणि इथून पुढचा हिशेब नव्याने सुरू. मग इदलहोंड, देसूर, आणि सामान काढायला लागा.

हिशेब तपासण्याला आपल्याकडे ताळा पाहणं म्हणतात. कालमन फिल्टर म्हणजे हाच ताळा, दर सेकंदाला, कंटाळा न करता. आधी भौतिकीच्या नियमांनी स्वतःला एक पाऊल पुढे ढकलायचं. मग जीपीएसचं मोजमाप आलं की 'मला जे दिसायला हवं होतं' आणि 'जे दिसलं' यांतला फरक काढायचा. त्या फरकाचा किती हिस्सा मानायचा हे दोघांच्या खात्रीवरून ठरतं. मोजमाप चोख असेल तर जास्त, थरथरतं असेल तर थोडा. रुडॉल्फ कालमन यांनी ही पद्धत १९६० मध्ये मांडली, आणि काही वर्षांतच नासाच्या स्टॅन्ली श्मिट यांनी तिला चंद्राच्या प्रवासासाठी कामाला जुंपलं. अपोलोच्या यानातल्या संगणकात ती होती.

यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट जागेचा आकडा नाही. फिल्टर त्या आकड्याबरोबर स्वतःची अनिश्चितताही वागवतो: 'मी इथे आहे, आणि माझी चूक एवढी असू शकते.' विद्यार्थी ग्राफ दाखवताना जागेची रेघ दाखवतात आणि अनिश्चिततेचा पट्टा पुसून टाकतात, कारण तो 'घाण दिसतो'. मी मार्क तिथेच कापतो.

सर, फिल्टर चुकतो का कधी?

चुकतो, आणि फार आत्मविश्वासाने चुकतो.

माझे एक काका होते, हिशेबाला पक्के. बेळगावला येताना वरच्या बर्थवर पडून राहायचे आणि कुणी काही म्हटलं की 'अजून अर्धा तास आहे रे' म्हणायचे. एकदा खालचे प्रवासी 'बेळगाव, बेळगाव' म्हणून ओरडत होते. काकांच्या हिशेबात बेळगाव अजून यायचं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की हे लोक चुकतायत. घटप्रभेला उतरले आणि बसने परत आले.

असा फिल्टर मी स्वतः लिहिलाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी सिम्युलेटरवर चाचणी चालली होती. भौतिकीच्या मॉडेलवर मी जरा जास्तच भरवसा ठेवला होता, म्हणजे 'माझ्या अंदाजात एवढीशीच चूक शिरू शकते' असा आकडा आत घातलेला. शिवाय फरक फार मोठा आला तर ते मोजमाप खराब समजून टाकून द्यायचं, असा पहारेकरीही बसवला होता. चाचणीत उपग्रहाने इंजिन पेटवलं आणि वेग प्रवासाच्या दिशेत सेकंदाला एका मीटरने वाढवला. फिल्टरला हे सांगायचं मी विसरलो. त्या क्षणापासून जीपीएसचं प्रत्येक मोजमाप त्याच्या अंदाजाशी जुळेना. त्याने काय करावं? प्रत्येक मोजमाप 'खराब' म्हणून फेकून दिलं. वर दहा-दहा जीपीएस उपग्रह खरं सांगतायत आणि हा आपल्या जुन्या वाटेवर निश्चिंत. एका फेरीनंतर चूक सतरा किलोमीटरच्या घरात गेली होती. अनिश्चिततेचा आकडा मात्र अजून मीटरभरच दाखवत होता. सतरा किलोमीटर चुकल्याचं मला फारसं वाटलं नाही. तो मीटरभर बघून पोटात गोळा आला.

उपाय साधे असतात. इंजिन पेटवण्याआधी फिल्टरला कळवायचं. सलग काही मोजमापं नाकारली गेली की संशय स्वतःवर घ्यायचा आणि पट्टा रुंद करायचा. आणि बाजूला एक बिनडोक तपासणी ठेवायची: रिसीव्हरने स्वतंत्रपणे काढलेली जागा आणि फिल्टरची जागा यांत फार अंतर पडलं तर सरळ नव्याने सुरुवात.

किती अचूकता मिळते?

नुसत्या रिसीव्हरची क्षणोक्षणीची जागा काही मीटरपर्यंत. दोन फ्रिक्वेन्सींचा चांगला रिसीव्हर, कॅरिअर फेज आणि व्यवस्थित फिल्टर असेल तर मीटरच्या आत, अर्ध्या मीटरच्या आसपास. गॅलिलिओ या युरोपीय प्रणालीचे संदेश आणखी स्वच्छ असतात. ते जोडीला घेतले तर एक-दोन डेसिमीटरपर्यंत जाता येतं. गॅलिलिओने जानेवारी २०२३ पासून उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळांच्या दुरुस्त्या थेट आकाशातून मोफत द्यायला सुरुवात केली आहे. जमिनीवर सगळा डेटा नंतर सावकाश सोडवला तर एक-दोन सेंटिमीटरही मिळतात, पण तोवर बातमी शिळी झालेली असते.

कॅरिअर फेज हा शब्द आला म्हणून: जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. रिसीव्हर त्या लहरी मिलिमीटरच्या बारकाईने मोजतो, पण सुरुवातीला किती लहरी मध्ये होत्या हे त्याला माहीत नसतं. रिक्षावाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा मीटर शून्यावर न आणता तुम्हाला बसवावं, तसं. तुम्ही किती पुढे गेलात ते नेमकं कळतं, सुरुवातीचा आकडा मात्र शोधून काढावा लागतो. (बेळगावात रिक्षाचा मीटर पडतो का, हा निराळा विषय.) तो सुरुवातीचा आकडा प्रत्येक जीपीएस उपग्रहासाठी एक, असा फिल्टरच्या अज्ञातांमध्ये घालतात. म्हणून सहा आकड्यांचा फिल्टर बघता बघता वीस-पंचवीस आकड्यांचा होतो: जागा, वेग, घड्याळाची चूक, हवेचा खेच, प्रकाशाचा दाब, मॉडेलमध्ये न बसणारे छोटे धक्के आणि या सगळ्या फेज.

उपग्रहावरच्या संगणकाला एवढं झेपतं का?

झेपवावं लागतं. अवकाशात टिकणारे प्रोसेसर तुमच्या मोबाइलपेक्षा पुष्कळ मंद असतात, आणि त्यांच्यावर उपग्रहाची दिशा, बॅटरी, संदेशवहन अशी दुसरीही कामं असतात. सर्वांत जास्त वेळ खातं ते गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल. पृथ्वीचे उंचवटे जितक्या बारकाईने धरायचे तितके पदांचे आकडे वाढतात, आणि बारकाई दुप्पट केली की काम जवळजवळ चौपट. म्हणून जमिनीवरच्या मॉडेलचा वरचा थोडासा भागच उपग्रहावर नेतात. उरलेली चूक फिल्टरमधले 'छोटे धक्के' शोषून घेतात. हे तडजोडीचं काम आहे, आणि मला त्यातच मजा येते.

जीपीएस नसताना हे जमतच नव्हतं का?

जमत होतं. गंमत म्हणजे जीपीएसचा जन्मच उलट्या बाजूने झाला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक वर गेला, तेव्हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या बीप-बीपचा बदलता सूर ऐकून, नुसत्या डॉप्लरवरून त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी मग हेच उलटं करून पाहिलं: आपल्या जागेवरून उपग्रहाची कक्षा कळते, तर उपग्रहाच्या कक्षेवरून आपली जागा का कळू नये? त्यातून ट्रान्झिट ही जहाजांसाठीची उपग्रह-प्रणाली निघाली, जीपीएसच्या आधीची.

फ्रेंचांनी आणखी एक वळण घेतलं. डोरिस या त्यांच्या प्रणालीत जगभर पन्नास-साठ रेडिओ-दीपस्तंभ जमिनीवर आहेत. बोलतात ते, ऐकतो तो उपग्रह. सगळी मोजमापं उपग्रहावरच जमा होत असल्याने कक्षाही तिथेच काढणं सोयीचं. डायोड नावाचं त्यांचं सॉफ्टवेअर १९९८ मध्ये स्पॉट-४ वर गेलं आणि पुढे समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहांवर रुळलं. यात आपलाही धागा आहे. भारत-फ्रान्सचा 'सरल' उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला, त्यावर डोरिस होतं.

अशा उपग्रहाला तत्काळ कक्षा का लागते, यासाठी हिडकल धरण डोळ्यांसमोर आणा. भोवती डोंगर, मध्ये पाणी. वरून रडार मारलं तर कुठला प्रतिध्वनी पाण्याचा आणि कुठला डोंगराचा? रडारची ऐकण्याची खिडकी अगदी अरुंद असते. जेसन-३ आणि सेंटिनेल-३ यांच्यावर युक्ती अशी की, 'मी आत्ता एवढ्या उंचीवर आहे' हे डायोड सांगतो आणि 'खालचं पाणी साधारण एवढ्या उंचीवर आहे' हे उपग्रहावर साठवलेला नकाशा सांगतो. वजाबाकी केली की खिडकी कुठे उघडायची ते कळतं. नद्या-तलावांची पातळी अवकाशातून मोजणं यामुळे पुष्कळ सोपं झालं.

स्पाडेक्समध्ये, म्हणजे इस्रोच्या दोन उपग्रह जोडायच्या प्रयोगात, हेच वापरलं का?

त्याची जवळची बहीण. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० ने प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह गेले, आणि १६ जानेवारी २०२५ ला ते एकमेकांना जोडले गेले. तिथे 'मी पृथ्वीच्या हिशेबात कुठे' यापेक्षा 'दुसरा माझ्यापासून किती लांब' हे महत्त्वाचं. इस्रोने त्यासाठी सापेक्ष कक्षा काढणारा खास प्रोसेसर दोन्ही उपग्रहांवर ठेवला होता. दोघेही तेच जीपीएस उपग्रह ऐकत असतील तर त्या उपग्रहांच्या चुका दोघांना सारख्याच भोवतात, आणि वजाबाकीत निघून जातात. दोघा मित्रांची घड्याळं तीच पाच मिनिटं मागे असतील तर कपिलेश्वरच्या देवळापाशी त्यांची भेट चुकत नाही. शेवटच्या टप्प्यात मग लेझर आणि कॅमेरे हाती घेतात.

नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी प्रणाली, वापरता येईल का?

खालच्या कक्षेतला उपग्रह भारताच्या आसपास असताना, हो. पण नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आपल्या भागावरच नजर ठेवून आहेत. तो पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला गेला की ते दिसणार नाहीत. जोडीला छान, एकट्याने अपुरं.

आयनोस्फिअरचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेच्या थराचा, त्रास तर जमिनीवर होतो. उपग्रह त्याच्या वरच असतो ना?

पूर्ण वर नसतो. पाचशे किलोमीटरवर तुम्ही त्या थराच्या वरच्या भागात असता, आणि डोक्यावर अजून थोडा शिल्लक असतो. दोन फ्रिक्वेन्सी असतील तर तो बहुतेक काढून टाकता येतो. स्वस्तातल्या एका फ्रिक्वेन्सीच्या रिसीव्हरलाही युक्ती आहे: आयनोस्फिअर जीपीएसच्या संदेशातल्या कोडला जितका उशीर करतो तितकंच लहरीच्या फेजला पुढे ढकलतो. दोघांची सरासरी घेतली की त्याचा परिणाम उडाला. मला आजवर आवडलेल्या सर्वांत कंजूस आणि सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी ही एक.

सौरवादळात काय होतं?

हवा फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने ४९ उपग्रह सोडले, ते अजून २१० किलोमीटरच्या आसपास असतानाच भूचुंबकीय वादळ आलं. वरच्या हवेची घनता वाढली आणि त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह पुन्हा वातावरणात पडले. कक्षा-निश्चितीच्या बाजूने बघा: कालपर्यंत बरोबर असलेला हवेचा खेच आज अचानक चुकीचा ठरतो. जमिनीवरचा आदल्या दिवशीचा अंदाज अशा वेळी रद्दी होतो. जो उपग्रह स्वतः मोजत असतो त्याला निदान 'काहीतरी जास्त ओढतंय' एवढं लगेच जाणवतं.

चंद्रावर जीपीएस चालतो का?

ऐकू येतो. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावरच्या लुग्रे रिसीव्हरने चंद्राच्या पृष्ठभागावरून जीपीएस आणि गॅलिलिओ दोन्ही पकडले. संदेश अतिशय क्षीण आणि सगळे जवळजवळ एकाच दिशेकडून येणारे. तिथे फिल्टरला भौतिकीवर जास्त भार टाकावा लागतो.

आमच्या कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून काय करता येईल?

उपग्रह बनवायच्या मागे लागू नका. सेंटिनेल आणि स्वार्म उपग्रहांचा जीपीएस डेटा आणि नंतर काढलेल्या अचूक कक्षा मोफत मिळतात. एक दिवसाचा डेटा घ्या, पायथनमध्ये साधा फिल्टर लिहा, आधी फक्त पृथ्वीचा फुगवटा धरा. मग एकेक बल वाढवत जा आणि चूक किती घटली ते वहीत लिहा. कोणत्या बलाने किती फरक पडला, हा तक्ता परीक्षकाला सगळ्यांत आधी दाखवा.

एका खड्ड्यात दरवर्षी कुणी ना कुणी पडतो, म्हणून आधीच सांगतो. जीपीएसची वेळ आणि घड्याळातली जागतिक वेळ यांत २०१७ पासून १८ सेकंदांचं अंतर आहे. ते विसरलात तर तुमचा उपग्रह सुमारे १३७ किलोमीटर चुकेल. बेळगावातून निघून कोल्हापूर मागे टाकेल. गेल्या वर्षी एका मुलीने आठवडाभर गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल उलटसुलट केलं. चूक होती ती या अठरा सेकंदांत.

राजहंसगडावरून संध्याकाळी उपग्रह दिसतात म्हणे. त्यावरून काही मोजता येईल?

येईल की! आमच्या येळ्ळूरच्या गडावर आकाश मोकळं आहे आणि शहराचे दिवे एका बाजूलाच राहतात. अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली, त्यामुळे ते आपल्या डोक्यावरून अधूनमधून जातंच. मोबाइलच्या ॲपमध्ये वेळ बघा. ते ॲप त्याच दोन ओळींच्या नोंदीवरून हिशेब करतं. स्थानक एखाद्या ठळक ताऱ्याच्या शेजारून जाईल तो क्षण स्टॉपवॉचवर पकडा आणि ॲपने सांगितलेल्या वेळेशी ताळा पाहा. एक सेकंदाचा फरक म्हणजे स्थानकाच्या वाटेवरचे साडेसात किलोमीटर. तुमच्या बोटाला बटण दाबायला पाव सेकंद लागतो, तोही लिहून ठेवा. तुमची अनिश्चितता तीच. तीन-चार जण वेगवेगळी घड्याळं घेऊन गेलात तर आणखी चांगलं. डिसेंबरात वर वारा फार असतो, स्वेटर न्या, आणि मोबाइलची वेळ निघण्याआधी नेटवर्कशी जुळवून घ्या, कारण गडावर रेंज येते आणि जाते.